मोटर-पेटीची किल्ली : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

काम असं आहे. नदीवरची मोटर घरबसल्या चालू-बंद करायची. निपाणी-चिकोडीकडे वेदगंगा, दूधगंगेच्या काठावरून उसाला पाणी उचलतात तिथं मोटर आणि घर यांत दीड-दोन किलोमीटर सहज पडतात, आणि थ्री फेज येतं पाळीनं, कधी रात्री दोनला. शेतातल्या पेटीत एसटीएम३२एफ१०३ (पुढं नुसतं एफ१०३), घरातल्या यंत्रात ईएसपी३२, दोन्ही मायक्रोकंट्रोलर चिपा; मध्ये लोरा, म्हणजे कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ, ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यात. हुकूम एईएस-१२८ या सांकेतिक पद्धतीनं कुलूपबंद करून जातो. म्हणजे प्रत्येक जोडीला १२८ बिटांची गुप्त किल्ली हवी. (इंग्रजी ‘की’ वापरली की वाक्यात घोळ होतो, म्हणून इथं किल्लीच.)

जुन्या फर्मवेअरमध्ये (चिपमधल्या प्रोग्राममध्ये) किल्ली चिपच्या ९६ बिटांच्या ओळख-क्रमांकावरून काढलेली आहे: क्रमांक घ्या, शा-२५६ मधून (कुठल्याही माहितीची २५६ बिटांची विस्कटलेली खूण देणाऱ्या सूत्रातून) काढा, पहिले १६ बाइट ठेवा. प्रत्येक पेटीची किल्ली वेगळी येते आणि दिसायलाही झकास विस्कटलेली दिसते. पण वेगळी असणं निराळं आणि अंदाज न येणं निराळं. या कुळातल्या बऱ्याच चिपांत हा क्रमांक म्हणजे लॉट क्रमांक, वेफर (ज्या सिलिकॉन चकतीतून चिपा कापतात तिचा) क्रमांक आणि वेफरवरची आडवी-उभी जागा. एका रिळातल्या चिपा बहुधा एकाच लॉटच्या. लॉटमध्ये २५ वेफर आणि वेफरवर १०,००० चिपा धरल्या तर शक्यता अडीच लाख, म्हणजे जेमतेम १८ बिट. एक पेटी विकत घेऊन क्रमांक वाचणाऱ्याला बाकीच्या सगळ्या पेट्यांच्या किल्ल्या लॅपटॉपवर क्षणात मिळतात. शा-२५६ नं यात काहीच भर पडत नाही. ते कणीक मळतं, पीठ वाढवत नाही.

९ एप्रिल

सोपा उपाय म्हणून सुचवला गेलेला: मोकळी सोडलेली अ‍ॅनालॉग पिन वाचून त्यावरून रँडम आकड्यांच्या फंक्शनला बीज (सुरुवातीचा आकडा) द्यायचं. आर्डुइनो ऊनोवर ते वाचन १० बिटांचं, म्हणजे जास्तीत जास्त १०२४ बीजं आणि १०२४ किल्ल्या. एफ१०३ वर १२ बिट, ४०९६. प्रत्यक्षात त्याहून कितीतरी कमी, कारण मोकळी पिन ही मुख्यतः घरातल्या वायरिंगची अँटेना असते. आलेखावर ५० हर्ट्झची लाट डोळ्यांना दिसते. रद्द.

१४ एप्रिल

ईएसपी३२ कडे. त्यात हार्डवेअर रँडम जनरेटर आहे, पण वाय-फाय किंवा ब्लूटूथ चालू असेल तरच त्याला खरी खरखर मिळते. दोन्ही बंद असताना ईएसपी_रँडम हे फंक्शन बिनतक्रार आकडे देत राहतं आणि ते आकडे नुसते छद्म-यादृच्छिक असतात. चूक दाखवत नाही, थांबत नाही. आपल्या घरातल्या यंत्रात वाय-फाय वापरातच नाही. उपाय दस्तऐवजात दिलेला आहे: किल्ली काढण्याआधी बूटलोडर_रँडम_एनेबल बोलवायचं, म्हणजे आतल्या एडीसीची (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाची) खरखर जनरेटरला मिळते, आणि काम झालं की डिसेबल. डिसेबल विसरलं तर पुढं एडीसी आणि रेडिओ दोन्ही घोळ घालतात.

एफ१०३ मध्ये असा जनरेटरच नाही. एफ४ मालिकेतल्या बऱ्याच चिपांत आहे, पण चिप बदलली तर बोर्ड बदलावा लागेल. म्हणून शेतातल्या पेटीसाठी बाहेरून खरखरीचा सर्किट जोडायचा. दोन्ही टोकांची बिटं एकत्र मिसळायची. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन उगमांपैकी एक जरी चांगला असला तरी मिश्रण चांगलं राहतं.

२० एप्रिल

उगम: बीसी५४७ ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर जंक्शन उलटं जोडून अ‍ॅव्हलांशमध्ये नेणं, म्हणजे उलटा व्होल्टेज वाढून जंक्शन अचानक वाहू लागतं (ब्रेकडाऊन) त्या अवस्थेत. डेटाशीटमध्ये या जंक्शनची उलटी मर्यादा ६ व्होल्ट आहे. प्रत्यक्ष ब्रेकडाऊन ८ ते ९ च्या आसपास होतो. म्हणून १२ व्होल्ट लागतात, ५ वर हे होत नाही.

जोडणी: बेस ग्राउंडला, कलेक्टर मोकळा, एमिटर २२० किलोओहमच्या रजिस्टन्समधून १२ व्होल्टला. ब्रेकडाऊन ८.५ धरला तर करंट (१२ − ८.५) ÷ २,२०,००० = साधारण १६ मायक्रोअँपिअर. करंट वाढवला की खरखर वाढेल असं वाटतं, पण होतं उलट: जंक्शन गुळगुळीत चालू लागतं. १० ते ५० मायक्रोअँपिअर हा पट्टा बरा.

एमिटरवरचा व्होल्टेज डिजिटल मीटरनंच मोजायचा. बाजारातला काट्याचा मीटर १० व्होल्टच्या रेंजला बऱ्याचदा २०० किलोओहमचा असतो. तो लावला की २२० आणि २०० चा विभाजक तयार होतो, एमिटरवर ५.७ व्होल्ट दिसतात, ब्रेकडाऊन होतच नाही, आणि चांगला ट्रान्झिस्टर बाद ठरतो.

खरखरीसाठी वापरलेला ट्रान्झिस्टर पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये लावू नये. उलट्या ब्रेकडाऊनमुळे त्याचा गेन (करंट वाढवण्याची पट) कायमचा उतरतो. काढलेले नग वेगळ्या डबीत.

झेनर डायोडही चालतो, पण ९.१ व्होल्टचा. ५ व्होल्टच्या खालचे झेनर वेगळ्या तत्त्वावर चालतात आणि फार शांत असतात.

पुढचा टप्पा: १ नॅनोफॅरडचा कंडेन्सर, मग दुसरा बीसी५४७, कलेक्टरला १० किलोओहम, कलेक्टरपासून बेसपर्यंत १ मेगओहम. आधी कंडेन्सर १०० नॅनोचा होता. त्यातून ५० हर्ट्झ आणि सावकाश सरकणारा व्होल्टेज दोन्ही आत येत होते. १ नॅनो लावल्यावर खालचा भाग बऱ्यापैकी अडला. कानानं तपासायचं असेल तर इथं जुन्या कॉम्प्युटर स्पीकरची लीड लावावी: धबधब्यासारखा सपाट आवाज हवा. गुणगुण ऐकू आली तर ती लाइनची.

शेवटी एलएम३९३ कंपॅरेटर, म्हणजे दोन व्होल्टेज ताडून ० किंवा १ देणारी चिप. एका इनपुटला सिग्नल, दुसऱ्याला त्याच सिग्नलची सरासरी (१०० किलोओहम, १ मायक्रोफॅरड, वेळ-स्थिरांक ०.१ सेकंद). पॉट (फिरवायचा रजिस्टन्स) फिरवून पातळी लावण्यापेक्षा हे बरं. पॉट उन्हात, धक्क्यानं सरकतो. सरासरी स्वतःच सावरून घेते.

२७ एप्रिल

पाच बोर्ड जोडले. तीन ठीक, एकात ०-१ चं प्रमाण भलतंच एकतर्फी, एक अडकलेला. शा-२५६ मधून निघालेला माल मात्र पाचही बोर्डांचा सारखाच सुंदर. म्हणून नियम केला: तपासणी फक्त कच्च्या बिटांची. मळलेल्या मालाची सांख्यिकी चाचणी म्हणजे शा-२५६ चीच चाचणी, आणि ते पास होणारच.

कारण सापडलं ते साधं. अ‍ॅम्प्लिफायर १२ व्होल्टवर, एलएम३९३ ५ व्होल्टवर. एलएम३९३ ची इनपुटं पुरवठ्याच्या साधारण दीड व्होल्ट खालपर्यंतच चालतात, म्हणजे इथं ३.५. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर कुठं बसतो हे त्याच्या गेनवर ठरतं: गेन ४५० असेल तर २.७ व्होल्ट, ३०० ला ३.५, २०० ला ४.४. बीसी५४७बी चा गेन २०० ते ४५० मध्ये कुठंही असू शकतो. म्हणजे निम्मे बोर्ड नशिबावर.

दुरुस्ती: एलएम३९३ लाही १२ व्होल्ट. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर असतं (खाली ओढतं, स्वतः वर नेत नाही), त्यामुळं ४.७ किलोओहमनं ३.३ व्होल्टला ओढलं की मायक्रोकंट्रोलरला धोका नाही. हा ओढणारा रजिस्टन्स (पुल-अप) विसरला तर आउटपुट वर जातच नाही, सगळी शून्यं येतात. हा दोष निदान लगेच दिसतो तरी.

५ मे

नोंदणीची पद्धत. नमुने १० किलोहर्ट्झनं टायमरवर, प्रत्येक बिट एक बाइट म्हणून सिरियलवर. ११५२०० बॉडवर सेकंदाला ११,५२० बाइट जातात, म्हणजे १०,००० जेमतेम बसतात. पहिल्या फर्मवेअरमध्ये प्रत्येक बिटानंतर नवी ओळ होती: सेकंदाला २०,००० बाइट, बफर भरून नमुने गळायचे. गळालेले नमुने फार फसवे. आवर्तन असेल तर ते पसरून दिसेनासं होतं आणि प्रवाह खऱ्यापेक्षा चांगला वाटतो. आता मोजणीचा आकडा दर १०,००० नमुन्यांना वेगळ्या पिनवर पलटतो आणि फाइलशी ताडून बघतात.

१० लाख नमुन्यांना १०० सेकंद.

पहिली चाचणी ऑटोकोरिलेशनची, म्हणजे प्रवाह त्याच्याच सरकवलेल्या प्रतीशी ताडणं. १० लाख नमुन्यांत नुसत्या योगायोगानं ०.००१ च्या आसपास आकडे येतात. त्याच्या पाचपट काही दिसलं तर ते खरं समजायचं. १० किलोहर्ट्झला २०० घरं सरकवल्यावर उंचवटा म्हणजे ५० हर्ट्झ, १०० घरांवर म्हणजे रेक्टिफायरचे १०० हर्ट्झ. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दिवसा घेतलेल्या नोंदीत १०० वर उंचवटा स्पष्ट, रात्री घेतलेल्यात बराच बारीक. आजूबाजूला फाउंड्र्या आणि मोठ्या मोटरी, तेव्हा नवल नाही. पण नवल नसणं पुरत नाही, उंचवटा जायला हवा.

१२ मे

१०० चा उंचवटा पत्र्याच्या डबीनं गेला: सर्किट डबीत, डबी एकाच ठिकाणी ग्राउंडला. दोन ठिकाणी जोडली तर परत येतो.

मग दुसराच एक उंचवटा उघडा पडला. घरांचा आकडा स्थिर नाही. रेडिओ चालू असताना एक, बंद असताना दुसरा. हा दोष पुरवठ्याचा. १२ व्होल्ट एमटी३६०८ च्या बूस्ट मॉड्यूलमधून येतात. ते १.२ मेगाहर्ट्झवर चालतं, तेव्हा आपल्या पट्ट्याच्या बाहेर, असं धरून चाललं होतं. पण हलक्या भाराला हे मॉड्यूल स्पंद गाळू लागतं, थोड्या थोड्या वेळानं एकेक झुंड पाठवतं. आपला भार दीड-दोन मिलिअँपिअर. त्यामुळं झुंडीची गती किलोहर्ट्झमध्ये येते, नेमकी आपण ऐकतोय तिथं.

याच दोषाला ‘रँडम’ समजून स्वीकारणं सोपं आहे. बिटं हलतात, प्रमाण निम्मं-निम्मं, डोळ्याला काही खटकत नाही. पण ती मॉड्यूलची लय आहे आणि तीच लय शेजारच्या पेटीतही.

दुरुस्ती: मॉड्यूल १४ व्होल्टवर लावून पुढं १ किलोओहम आणि १०० मायक्रोफॅरड. दीड-दोन मिलिअँपिअरला रजिस्टन्सवर तेवढेच व्होल्ट पडतात, बाकी १२ उरतात. उंचवटा ०.००२ च्या खाली.

गणितज्ञ फोन न्यूमनची जुनी युक्ती (दोन-दोन बिटं घ्या, ०१ ला ०, १० ला १, बाकी टाका) लावावी का, हा प्रश्न आला. लावली नाही. ती फक्त एकतर्फीपणा काढते, तोही बिटं एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. ०१०१०१ असा आवर्ती प्रवाह दिला तर तिच्यातून नुसती शून्यं निघतात.

२१ मे

आता किती अंदाज न येणारेपण आहे ते मोजायचं. इथं सरासरी एन्ट्रॉपी कामाची नाही, किमान एन्ट्रॉपी लागते: सगळ्यात संभाव्य निकालाच्या शक्यतेचा लॉगरिदम, बेस २, उलट चिन्हानं. हल्ला करणारा पहिला अंदाज सगळ्यात सोपाच लावणार. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेच्या ८००-९०बी या २०१८ च्या मानकात दहा वेगवेगळे अंदाजक आहेत आणि त्यातला सगळ्यात कमी आकडा धरायचा असतो. त्यांचं मोफत साधन लिनक्सवर चालतं. प्रवाह आदर्श असला तरी ते पूर्ण १ देत नाही, तेव्हा १ ची वाट बघू नये.

आपल्या बोर्डांचे आकडे ०.७ ते ०.८ मध्ये. चाचण्यांच्या मर्यादा ठरवताना ०.६ धरले. किल्ली काढताना हिशोब त्याच्याही निम्म्यानं, ०.३ नं. १०२४ कच्ची बिटं गुणिले ०.३ म्हणजे ३०७. १२८ बिटांच्या किल्लीला वर ६४ ची शिल्लक धरून १९२ लागतात. भरपूर झालं. वेळ लागतो एक दशांश सेकंद, तेव्हा कंजुषी करण्यात अर्थ नाही.

२४ मे

पुन्हा-पुन्हा चालू करण्याची चाचणी: १००० वेळा वीज तोडून दरवेळी पहिले १००० नमुने. रिलेनं ३ सेकंद बंद, ३ सेकंद चालू, एकूण १०० मिनिटं. रिसेट पिन दाबून ही चाचणी करू नये, कारण तेव्हा कंडेन्सर भरलेलेच असतात.

निकाल वाईट. नुसती लांब नोंद बघून हा दोष कधीच दिसला नसता. चालू झाल्याबरोबर घेतलेले पहिले शेकडो नमुने दरवेळी सारखे: सरासरीचा कंडेन्सर भरेपर्यंत कंपॅरेटर एकाच बाजूला टेकलेला. आणि किल्ली निघते ती नेमकी पहिल्यांदा पेटी चालू होताना. २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या उपकरणांच्या किल्ल्या मोठ्या प्रमाणावर तपासल्या गेल्या, तेव्हा राउटरसारख्या डबाबंद यंत्रांत हीच गोष्ट निघाली होती: पहिल्या बूटला पुरेशी खरखर जमलेली नसताना किल्ली काढलेली, आणि त्यामुळं वेगवेगळ्या यंत्रांच्या किल्ल्यांत (त्या दोन मोठ्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनतात) समान अवयव.

आता चालू झाल्यावर २ सेकंद थांबायचं, मग १०२४ नमुने चाचणीत घालून फेकायचे, मग किल्लीचे घ्यायचे. रिलेचा ‘चालू’ वेळ ५ सेकंद करून चाचणी परत: १००० रांगांत सारखेपणा नाही.

३० मे

चालू असतानाच्या दोन चाचण्या फर्मवेअरमध्ये. पहिली, एकच बिट सलग किती वेळा: मर्यादा १ + (२० ÷ ०.६) वर पूर्णांक करून ३५. दुसरी, १०२४ च्या खिडकीत खिडकीचं पहिलंच बिट एकूण किती वेळा आलं: ७४८ ला पोचलं की नापास. दोन्ही मिळून पंधरा-वीस ओळींचा कोड.

५ एचपीच्या मोटरचा स्टार्टर शेजारी ठेवून कॉन्टॅक्टर खटाखट ओढला. कॉइल सुटताना सलग सारखी बिटं येतात. ३५ बिटं म्हणजे ३.५ मिलिसेकंद, आणि पहिली चाचणी लगेच पकडते. कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रजिस्टन्स-कंडेन्सरची जोडी) लावल्यावर प्रकार कमी झाला. तरी नियम असा: मोटर बंद असतानाच किल्ली काढायची.

२ जून

नापास झाल्यावर काय करायचं, यावर जुन्या कोडमध्ये एक ओळ सापडली: खरखर मिळाली नाही तर ओळख-क्रमांकावरून किल्ली काढा, म्हणजे ‘ग्राहकाची पेटी बंद पडू नये’. काढून टाकली. अशी गुपचूप पर्यायी वाट सर्किटच्या कुठल्याही दोषापेक्षा वाईट, कारण पेटी सुरळीत चालताना दिसते. आता तीनदा नापास झालं की किल्ली निघत नाही, लाल दिवा, पेटी बिनकिल्लीची. लेबलवर ‘किल्ली नाही’ हे कन्नड आणि मराठी दोन्हीत.

सोबत १२ व्होल्टवर नजर: १०० किलोओहम आणि २२ किलोओहमचा विभाजक एडीसीला. १०.८ व्होल्टला एडीसीवर १.९५ व्होल्ट, आकडा २४१७. त्याखाली गेलं तर नमुने घ्यायचेच नाहीत. पुरवठा खचला की जंक्शन ब्रेकडाऊनमधून बाहेर येतं, पण अ‍ॅम्प्लिफायरची स्वतःची बारीक सुरसुर आणि लाइनची गुणगुण कंपॅरेटर हलवत राहते. वरच्या दोन चाचण्या ते पकडतीलच असं नाही.

११ जून

चिपच्या २० केबी रॅमची चालू होतानाची अवस्था दुसरा उगम म्हणून वापरावी, अशी सूचना. पाहिलं. बहुतेक बिटं एका चिपमध्ये दरवेळी त्याच बाजूला पडतात, थोडीच डळमळतात. शिवाय लाईट जाऊन दोन सेकंदांत आली तर पुरवठ्याच्या कंडेन्सरवर रॅम तग धरून असते आणि जुनंच चित्र परत मिळतं. आपल्याकडे लाईट अशीच जाते. मिश्रणात घालायला हरकत नाही, हिशोबात शून्य बिट.

रेडिओच्या सिग्नल-पातळीचंही तेच. बाहेरचा माणूस ती हलवू शकतो.

८ जुलै

खानापूर भागातला पाऊस हा बोर्डाची खरी परीक्षा. बंद पेटीतही ओल येते. एमिटरचा बिंदू मोठ्या रजिस्टन्सवर आहे. फ्लक्स न पुसलेल्या बोर्डावर ओल धरली की गळतीनं करंट खातो. १० मेगओहमची गळती ८.५ व्होल्टला ०.८५ मायक्रोअँपिअर, १६ पैकी पाचेक टक्के, ती चालून जाते. १ मेगओहमवर निम्म्याहून जास्त करंट जातो, आणि तिथं गडबड. आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) ब्रशनं धुऊन, सुकवून, वर कन्फॉर्मल कोटिंगचे (ओल अडवणाऱ्या पातळ लेपाचे) दोन हात. कोटिंग धुण्याआधी केलं तर फ्लक्स आतच कोंडला जातो, ते न केलेलं बरं.

१९ जुलै

किल्ली एका टोकाकडून दुसरीकडे रेडिओवरून पाठवायची नाही. दुकानात टेबलावर तीन तारांची केबल जोडून दोन्ही यंत्रं आपापली बिटं देतात: शेतातली १२८ बाइट कच्ची, घरातली ३२ बाइट. दोन्ही टोकांत शा-२५६, पहिले १६ बाइट किल्ली. कच्ची बिटं रॅममधून लगेच पुसायची, आणि ती छापणारी डीबग ओळ विक्रीच्या फर्मवेअरमध्ये राहिलेली नाही ना हे शोधून बघायचं. एकदा राहिली होती.

फ्लॅशला (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीला) वाचन-संरक्षण पातळी १, म्हणजे किल्ली बाहेरून वाचता येऊ नये.

२ ऑगस्ट

किल्ली कितीही चांगली असली तरी एकाच किल्लीखाली तोच नॉन्स (प्रत्येक संदेशाला एकदाच वापरायचा आकडा) दोनदा गेला तर एईएस-सीसीएम, म्हणजे आपण एईएस वापरतो ती पद्धत, उघडं पडतं. नॉन्स आपल्याकडे मोजणीचा आकडा, आणि लाईट गेली की रॅममधला आकडा जातो. प्रत्येक संदेशाला फ्लॅशमध्ये लिहायचं तर पानाचं आयुष्य १०,००० पुसण्यांचं. म्हणून फ्लॅशमध्ये एकदम १००० पुढचा आकडा राखून ठेवायचा आणि चालू होताना त्या राखलेल्या आकड्यापासूनच सुरुवात. मधले वाया गेले तरी ३२ बिटांत ४२० कोटींच्या वर आकडे आहेत.

१७ ऑगस्ट

बीसी५४७ चा नवा लॉट आला, दिसायला तेच, बनावट दुसरी. २० नगांत दोन शांत निघाले: ब्रेकडाऊन बरोबर, खरखर नावाला. मीटरवर हा फरक कळत नाही. यापुढं प्रत्येक बोर्डाची १०० सेकंदांची कच्ची नोंद घेऊन, साधनाचा आकडा ०.६ च्या खाली असेल तर पहिला ट्रान्झिस्टर बदलायचा. आकडा, लॉट आणि बोर्डाचा क्रमांक रजिस्टरमध्ये. किल्ली कुठंही लिहायची नाही.